आठवणींसाठी नव्हे, पायांसाठी

दरवर्षी २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की ‘रोज चाला, विस्मरण टाळा’ अशा आशयाचे संदेश मोबाइलवरून फिरू लागतात. त्यात चूक असे काही नाही. पण हा सल्ला ज्यांना अजून आजार झालेला नाही, त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरात आई, वडील, सासू किंवा नवरा यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झाल्याचे निदान होऊन गेले आहे, त्यांनी काय करायचे? तेही तोच संदेश वाचतात. वडिलांना रोज सोसायटीच्या आवारात फिरवून आणू लागतात आणि तीन-चार महिन्यांनी विचारतात : इतके चालवूनही बाबा नातवंडांची नावे विसरतातच, मग उपयोग काय? हळूहळू चालणे बंद होते. आळस हे त्याचे कारण क्वचितच असते. व्यायामाकडून भलतीच अपेक्षा ठेवलेली असते आणि ती पुरी होत नाही, हे खरे कारण. म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला व्यायाम नेमके काय देतो आणि काय देत नाही, हे एकदा स्पष्टपणे सांगायला हवे.

प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही. भारतातील ज्येष्ठांच्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ६० वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले. म्हणजे हा शहरी, सुखवस्तू घरांचा आजार आहे ही समजूतही खरी नाही.

गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. व्यायामाने आजाराचा धोका कमी होतो का, हा पहिला प्रश्न. आजार झाल्यावर व्यायामाने तो मागे हटतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी आशादायक आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, एकटेपणा यांच्या बरोबरीने शारीरिक निष्क्रियता त्या यादीत आहे. हे सगळे धोके दूर करता आले तर जगातील जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार पुढे ढकलला जाईल, असा आयोगाचा अंदाज आहे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर नियमित चालायला लावले, उरलेल्यांना ताणाचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवण्यात मोलाची भूमिका असलेला भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात तो वयानुसार आकसत गेला.

याच प्रश्नावर एक सावध सूरही आहे आणि तोही ऐकला पाहिजे. ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा सरासरी २७ वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या तब्बल नऊ वर्षे आधीपासूनच या रुग्णांची हालचाल कमी होऊ लागली होती, असे त्यात दिसले. म्हणजे कमी चालणारी माणसे आजारी पडतात की आजाराची सुरुवात झाल्यामुळे माणसे कमी चालू लागतात, हे ओळखणे सोपे नाही. तरीही रक्तदाब, साखर, वजन आणि मनःस्थिती यांच्यावर व्यायामाचा जो परिणाम होतो तो निर्विवाद आहे, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्याचा फायदा होतोच. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनी चालणे सोडण्याचे काहीच कारण नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याला फारसे रुचणारे नाही. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. रुग्णांच्या एका गटाला चार महिने आठवड्यातून दोनदा, दर वेळी तास-दीड तास, चांगला दमवणारा व्यायाम देण्यात आला : सायकलिंग आणि वजने उचलणे. त्यांची शारीरिक क्षमता वाढली, सहा मिनिटांत ते आधीपेक्षा जास्त अंतर चालू लागले. पण वर्षअखेरीस स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचणीत ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. उलट ७० गुणांच्या मोजपट्टीवर किंचित, १.४ गुणांनी, मागेच होते. हा फरक इतका छोटा आहे की रोजच्या जगण्यात तो जाणवणारही नाही; तरी ‘व्यायामाने स्मरणशक्ती परत येते’ या दाव्याला त्याने आधार दिला नाही, एवढे नक्की. डेन्मार्कमध्ये २०० अल्झायमर रुग्णांवर झालेल्या चाचणीतही सगळ्यांचा एकत्र विचार करता विचारांच्या वेगात फरक दिसला नाही. मात्र अस्वस्थता, उदासीनता, चिडचिड अशा मानसिक लक्षणांत व्यायाम करणाऱ्यांची स्थिती बरी राहिली. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्याचा निष्कर्षही असाच होता : बुद्धीच्या बाबतीत लाभाचा स्पष्ट पुरावा नाही, पण दैनंदिन कामे स्वतः करण्याची क्षमता व्यायामाने टिकू शकते.

असे का होते, हे समजून घेणे अवघड नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत घातक प्रथिने साचण्याची प्रक्रिया लक्षणे दिसण्याच्या दहा-वीस वर्षे आधी सुरू झालेली असते. निदान होते तेव्हा स्मरणाशी संबंधित भागातील असंख्य पेशी नष्ट झालेल्या असतात. व्यायामाने रक्तपुरवठा सुधारतो, पेशींना पोषक अशी द्रव्ये वाढतात. पण ती मेलेल्या पेशींना जिवंत करू शकत नाहीत. ओसाड पडलेल्या शेताला पाणी दिले म्हणून जळून गेलेले पीक उभे राहत नाही.

मग व्यायाम कशासाठी? त्याचे उत्तर फिनलंडमध्ये सापडते. तिथे जोडीदारासोबत घरीच राहणाऱ्या २१० अल्झायमर रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, एक-एक तास जात असे. दुसऱ्या गटाचा व्यायाम केंद्रावर, समूहात होई. तिसऱ्याला नेहमीचीच सेवा. हे वर्षभर चालले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार तिन्ही गटांत पुढे सरकला. पण कपडे घालणे, अंघोळ, शौचाला जाणे, चालणे अशा गोष्टी स्वतः करण्याच्या मोजपट्टीवर नेहमीची सेवा घेणारे वर्षात १४.४ गुणांनी घसरले, तर घरी व्यायाम करणारे ७.१ गुणांनी. घसरण जवळपास निम्मी. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत पडण्याचे प्रमाणही बरेच कमी होते. आणि फिजिओथेरपिस्टचा खर्च धरूनही एकूण आरोग्यसेवेचा खर्च वाढला नाही.

सात गुण हा आकडा कागदावर किरकोळ वाटेल. घरात त्याचा अर्थ वेगळा असतो. रात्री दोन वाजता आजोबा आधाराने उठून स्वतः संडासापर्यंत जाऊ शकतात की दोघांनी त्यांना उचलावे लागते, हा तो फरक. आजी खुर्चीवरून उठून जेवायच्या टेबलापाशी येते की तिला अंथरुणात भरवावे लागते, हा तो फरक. डायपर आज लागते की दोन वर्षांनी, आणि सून नोकरी सोडते की टिकवते, हेही बरेचसे त्यावरच ठरते. नाव विसरलेल्या माणसाची काळजी घेता येते. न उठू शकणाऱ्या माणसाची काळजी घेताना घरच मोडून पडते.

न हलण्याची किंमत या रुग्णांसाठी फार मोठी असते. वयामुळे स्नायू झिजत असतातच; काही दिवस अंथरुणात काढले तरी मांड्यांचे बळ झपाट्याने घटते. तोल जातो, पडण्याची भीती बसते, म्हणून हालचाल आणखी कमी होते. एके दिवशी ओल्या न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला रुग्णालयातली अनोळखी खोली, शस्त्रक्रिया आणि वेदना यांमुळे तीव्र भ्रम होण्याचा धोका मोठा असतो. त्यानंतर बरेच जण पूर्वीच्या अवस्थेला परत येत नाहीत. ही साखळी जितकी उशिरा सुरू होईल तितके बरे, आणि ती उशिरा सुरू करण्याचे सर्वात स्वस्त साधन म्हणजे रोजची हालचाल.

इथे आपल्या घरांतील एक प्रेमळ सवय आड येते. वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे त्यांना बसवून ठेवणे, असे आपण मानतो. ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ हे वाक्य आदरानेच उच्चारलेले असते. निदान झाल्यावर तर ते दिवसातून वीस वेळा ऐकू येते. पाणी जागेवर मिळते, ताट हातात मिळते, झाडांना पाणी घालायला गडी येतो, देवळात जाणे ‘हरवतील’ म्हणून थांबते. वर्षभरात ज्या बाईने आयुष्यभर घर उचलून धरले, तिला खुर्चीवरून उठायला हात द्यावा लागतो. तिच्याकडून कामे काढून घेताना आपण तिचा व्यायामच काढून घेतलेला असतो. वाटाणे सोलणे, कपड्यांच्या घड्या करणे यांत मन आणि हात गुंततात, ते चांगलेच. पण पायांना बळ येते ते उठून करायच्या कामांनी : कपडे वाळत घालणे, कुंड्यांना पाणी देणे, केर काढणे, पेपर आत आणणे. काम नीटनेटके झाले नाही तरी चालेल. घडी मोडून पुन्हा घालायची असेल तर ती त्यांच्यासमोर घालू नये.

ठरवून करायच्या व्यायामालाही महागडी साधने लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम सुचवतात, आणि थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी, असे बजावतात. भक्कम, हात असलेल्या खुर्चीवरून पाच-दहा वेळा उठणे-बसणे. ओट्याला धरून टाचा उचलणे. जागच्या जागी पावले टाकणे. आणि जमेल तितके चालणे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. श्वास थोडा वाढावा, पण बोलता यावे इतकाच.

सांगण्याची पद्धत महत्त्वाची. या आजारात घटना आणि नावे आधी पुसली जातात. अंगवळणी पडलेल्या हालचाली त्या मानाने जास्त काळ टिकतात. म्हणून तीच वेळ, तीच जागा आणि शक्यतो तेच माणूस असावे. मागून हाक मारण्याऐवजी समोर उभे राहून, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती करून दाखवावी. ‘चला, व्यायाम करू’ याला नकार मिळतो, तिथे ‘चला, दूध घेऊन येऊ’ चालून जाते. टाळ्यांच्या तालावर भजन म्हणणाऱ्या आजींचे पाय आपोआप हलतात. नकार मिळालाच तर वाद घालू नये, पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारावे.

काही खबरदारी अनिवार्य आहे. सुरुवातीला डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब, गुडघे आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. झोपेच्या गोळ्यांमुळे तोल जाऊ शकतो. काही रुग्णांचा, विशेषतः पार्किन्सन किंवा ल्युई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असलेल्यांचा, रक्तदाब उभे राहताच घसरतो. त्यांनी आधी काही क्षण बसून मग उठावे. सपातांऐवजी टाचेला पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री मंद दिवा आणि खिशात नाव व फोन क्रमांक असलेले कार्ड एवढे तरी हवेच. रुग्णाला ‘दुखते’ असे सांगता येत नाही, तेव्हा चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. आणि कालपर्यंत चालणारी व्यक्ती आज एकाएकी गोंधळली, सुस्त झाली, तर आजार वाढला असे समजून घरी बसू नये. लघवीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा औषधाचा दुष्परिणाम अशी कारणे असू शकतात. त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टर हवेत.

हे सगळे एका माणसाच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. आपल्याकडे ते एक माणूस बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून असते. तिला ‘रोज चालवून आणा’ असे सांगणे सोपे आहे. स्वयंपाक, औषधे, रात्रीचे जागरण सांभाळून तिने ते कधी करायचे? फिनलंडमधील यश हे घरी येणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे यश होते. ती सोय आपल्याला परवडणार नाही, असे म्हणून विषय संपवता येत नाही, कारण आपल्या शेजारीच त्याचा एक धडा आहे. गोव्यात दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर झालेल्या चाचणीत, थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक गृहसेवक स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जात, घरच्यांना आजार समजावत, वागणुकीतल्या अडचणींवर मार्ग सुचवत. त्यांच्यावर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख होती. काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण त्यामुळे लक्षणीय घटल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. त्या कार्यक्रमात व्यायामावर भर नव्हता. पण घरी जाणारा माणूस एकदा उभा राहिला की त्याला खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे दहा व्यायाम शिकवणे अवघड नाही.

सरकारी योजना मात्र उलट्या टोकाला पैसा ओततात. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे आहे. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया योजनेत बसते. तो खुबा मोडू नये म्हणून घरी येणारा फिजिओथेरपिस्ट बसत नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून अस्तित्वात आहे आणि जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी बाह्यरुग्ण व फिजिओथेरपी विभाग असावेत, ही त्याचीच संकल्पना. तो विभाग जिल्ह्याच्या ठिकाणी असून भागत नाही. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावातून गोंधळलेल्या आजीला एसटीने आठवड्यातून दोनदा तिथे कोण नेणार? आजाराचे प्रमाण गावात जास्त असताना सेवा शहरात असणे, हे नियोजन म्हणता येत नाही. आशा सेविकांवर आधीच कामांचा डोंगर आहे. त्यांच्यावर हे फुकट लादण्यापेक्षा या कामासाठी वेगळे, मानधन घेणारे गृहसेवक तालुका पातळीवर नेमावेत आणि जिल्ह्याच्या फिजिओथेरपिस्टने त्यांना शिकवावे, ही मागणी अवाजवी नाही.

समाजानेही थोडे करण्यासारखे आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, सकाळी बागेत भेटणारे कट्टे यांचे जाळे मोठे आहे. एखादा सभासद तेच तेच बोलू लागला, हिशेबात चुकू लागला की तो हळूच बाजूला पडतो. घरचेही संकोचाने त्याला पाठवेनासे होतात. नेमका त्याच वेळी त्याला त्या कट्ट्याची सर्वाधिक गरज असते. दोन मित्रांनी त्याला घरून घेऊन जायचे आणि परत सोडायचे ठरवले, तर चालणेही होते, सोबतही मिळते आणि घरच्या बाईला तासभर श्वास घेता येतो. महापालिकांनी बागेतल्या बाकांना हात बसवले, चालायचा मार्ग सपाट ठेवला आणि पदपथ मोकळे केले, तर तेही आरोग्यसेवेचेच काम ठरेल.

शेवटी घरच्यांसाठी एक साधी सूचना. व्यायाम सुरू करताना वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : खुर्चीवरून आधाराशिवाय उठता येते का, संडासाला स्वतः जाता येते का, आणि गेल्या महिन्यात किती वेळा पडले. दर तीन महिन्यांनी तेच पुन्हा लिहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. नातवाचे नाव आठवते का, हा प्रश्न त्या वहीत नको. बाबा ते नाव कदाचित पुन्हा घेणार नाहीत. पण वर्षभरानंतरही ते स्वतः उठून त्याच्याबरोबर फाटकापर्यंत जात असतील, तर रोजची ती दहा मिनिटे वाया गेलेली नाहीत.